वस्तीतल्या लठ्ठपणावर संशोधन करायला पैसे कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी आयसीडीएसमध्ये, म्हणजे अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बाल विकास योजनेत, मुख्यसेविका होते, पुण्यात, शहरी प्रकल्पात, आता रिटायर झालेय. म्हणजे वीस-पंचवीस अंगणवाड्या माझ्याकडे असायच्या, त्यांची रजिस्टरं, वजनं, घरपोच आहाराची पाकिटं, गृहभेटी, माता बैठका सगळं बघायचं. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर कापा पण मुद्दा तेवढा ठेवा.

2025 च्या पोषण माहमध्ये, म्हणजे आहाराच्या प्रचाराचा सरकारी महिना असतो तो, 17 सप्टेंबर ते 16 ऑक्टोबरला झाला, लठ्ठपणा हा विषय वरच्या नंबरला होता, साखर मीठ तेल कमी करा असा. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी पण मन की बातमध्ये सांगितलं होतं की घरातलं तेल 10 टक्के कमी करा. मला मनापासून बरं वाटलं, कारण माझ्या सगळ्या नोकरीत अंगणवाडीत वजन म्हटलं की कमी वजन एवढंच, सॅम आणि मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलं शोधायची, आणि ते बरोबरच होतं, त्यात मुलं वाचली आहेत. पण त्याच गल्लीत त्याच मुलाची आई 80 किलोची, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात, वय 34, तिच्याकडे बघायला आमच्याकडे रकानाच नव्हता. आता निदान विषय तरी आला. पण पुढे काय करायचं हे कुणाला माहीत आहे का, आणि माहीत करून घ्यायला कुणी पैसे देतंय का, एवढंच मला विचारायचंय.

लोकांना अजून वाटतं लठ्ठपणा म्हणजे बंगल्यातल्या लोकांचा आजार, खाऊनपिऊन सुखी माणसाचा. तसं राहिलेलं नाही. मी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत बरीच वर्षं फिरले, तिथल्या घरकाम करणाऱ्या एखाद्या बाईचा दिवस सांगते म्हणजे कळेल. पहाटे 5 ला नळ येतो, पाणी भरायचं, तेव्हा एक चहा, दुसरा चहा निघताना, साखर भरपूर कारण तेवढाच नाश्ता, सोबत खारी नाहीतर बिस्किटं. 7 ला घराबाहेर, चार घरची धुणीभांडी फरशी, मधे कुठल्या तरी घरी कालचा शिरा, उरलेल्या पुऱ्या, वाढदिवसाचा केक देतात, तो टाकवत नाही, उभ्या उभ्या खायचा. दुपारी साडेतीनला घरी, तोवर पोटात आग पडलेली, मग भाताचा डोंगर आणि वर पातळ आमटी. संध्याकाळी स्वयंपाकाला उशीर होणार म्हणून पोरांना वडापाव आणि तिलाही एक. रात्रीचं जेवण 10 ला आणि लगेच आडवं व्हायचं कारण पहाटे परत नळ आहे. ही बाई मला म्हणायची, मॅडम मी दिवसभर एक मिनिट बसत नाही तरी वजन कसं काय वाढतंय. मी काय सांगणार, आमच्या फ्लिपचार्टमध्ये ह्याचं उत्तर नव्हतं. त्यात चित्र होतं ताटाचं, त्यात पालक, गाजर, दूध, अंडं, सफरचंद. ती म्हणाली गहू फुकट मिळतो, तांदूळ फुकट मिळतो, मग पोट त्यानेच भरायचं ना. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मोफत आहे आणि ते हवंच, त्याच्यावर घरं चालतात. पण डाळ, भाजी, दूध, अंडी विकतच आणायचं, आणि पावसाळ्यात मेथीची जुडी 30 रुपयांच्या वर गेली की पहिली भाजी जाते ताटातून, तेल नाही जात. तेल, तिखट आणि मीठ असलं की भात जातो घशाखाली. आनंदाचा शिधा सुरू झाला 2022 च्या दिवाळीत, 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी किलो आणि लिटरभर पामतेल. मी त्याला नावं ठेवणार नाही, सणाला लोकांच्या घरी गोड झालं. पण तेलसाखर कमी करा म्हणणारं पण सरकार आणि तेलसाखर देणारं पण सरकार, तर मधे बसून कुणीतरी हिशोब मांडायला हवा होता की ह्यात साखरेच्या जागी शेंगदाणे घातले तर काय होतं, लोक घेतील का, किती खर्च वाढेल. असं करून बघण्यालाच मी संशोधन म्हणते, त्याला मोठी लॅब लागत नाही.

आता मुलांचं. 5 रुपयाचं खाऊचं पाकीट. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान आणि त्याच्या पुढे तोरणासारखी लटकलेली पाकिटं. कामावर जाणारी आई रडणाऱ्या पोराच्या हातात 10 रुपये ठेवते आणि तिला दोष देणारी मी कोण, तिच्या मागे घरात कुणी नाही, निदान पाकिटात माशी बसत नाही असं ती म्हणते आणि ते खरं आहे. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर मीठ चरबीचे पदार्थ विकू नयेत असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, 2020 चा नियम आहे. तो आमच्या वस्तीत कुठे मोजायचा, शाळेपासून 50 मीटरमध्ये निम्मी वस्ती येते.

आणि वजनाच्या तक्त्याचं एक सांगायचंय, हे अंगणवाडीत काम केलेल्यांना लगेच पटेल. वयाप्रमाणे वजन बघायचा जो तक्ता असतो त्यात हिरवा पट्टा म्हणजे नॉर्मल. चार वर्षांची मुलगी, उंचीला बुटकी राहिलेली कारण पहिल्या दोन वर्षांत खाण्याची आबाळ झाली, आणि नंतर बिस्किटं पाकिटं खाऊन गुबगुबीत झाली, तिचं वजन वयाप्रमाणे बरोब्बर हिरव्यात पडतं. सगळे खूश. सेविका खूश, आई खूश, आजी म्हणते बाळसं धरलं. प्रत्यक्षात तिची उंची खुंटलीय आणि अंगावर चरबी चढतीय, दोन्ही एकदम. उंची मोजून उंचीप्रमाणे वजन बघितलं तरच कळतं, आणि कळलं तरी कमी वजनाच्या मुलासाठी जसं काय करायचं ते ठरलेलं आहे, ग्राम बाल विकास केंद्र आहे, एनआरसी म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र आहे, तसं ह्या मुलीसाठी काय करायचं हे ठरलेलं नाही.

हे फक्त मला दिसलं असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 5, म्हणजे 2019 ते 21 चं, आपल्याच मुंबईत देवनारच्या आयआयपीएस ह्या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने केलेलं, त्यात महाराष्ट्रात 23.4 टक्के बायका आणि 24.7 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. ते पण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 च्या वर धरून, आपल्या लोकांसाठी डॉक्टर 23 पासूनच जादा धरतात, तसं मोजलं तर आकडा अजून वाढेल. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या सर्वेक्षणात 1.9 टक्के होतं ते 4.1 झालं. आणि त्याच राज्यात त्याच सर्वेक्षणात 35.2 टक्के मुलं बुटकी आणि 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. दोन्ही एका घरात असतात, कधी एकाच बाईत असतात, जाड आहे आणि हिमोग्लोबिन 8. तिला आम्ही लोहाच्या गोळ्या द्यायचो आणि भरपूर खा म्हणायचो.

आपल्या पुण्याचीच गोष्ट, अभिमानाने सांगावी अशी. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्या काय खातात, किती काम करतात, बाळं कशी होतात. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडात साऊदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी. 2003 मध्ये ते छापून आलं आणि जगभर डॉक्टर लोक त्याच्यावर बोलायला लागले. ते तिथेच थांबले नाहीत, त्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले, मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांत तिघांत एकापेक्षा जास्त जणांची उपाशीपोटी साखर नको तेवढी वर होती आणि त्यातली बरीच अंगाने बारीकच होती. म्हणजे ज्याला आपण अशक्त म्हणून खा खा करतो त्याला उद्या डायबेटिस. शेतमजुराच्या घरातला मुलगा. हे आपल्याला कळलं कारण कुणीतरी 25-30 वर्षं चिकाटीने मोजत राहिलं. आणि ती मोजणी चालू ठेवायला मोठा पैसा आला कुठून तर इंग्लंडच्या वेलकम ट्रस्टकडून, ही संशोधनाला पैसे देणारी संस्था. मुंबईत झोपडपट्टीतल्या बायकांवर सरस नावाचा प्रयोग झाला 2006 पासून, साडेसहा हजार बायका, दिवस जायच्या आधीपासून त्यांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. बाळांच्या वजनात सरसकट फरक नाही पडला, ज्यांनी तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्याच बाळांचं वजन थोडं वाढलं, पण गरोदरपणातला डायबेटिस मात्र खाऊ खाणाऱ्या बायकांत कमी निघाला. त्याच्यातही वेलकम ट्रस्टचा पैसा होता. त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण आपल्या लेकीबाळींच्या ताटात काय आहे हे बघायला दरवेळी साहेबाच्या देशाकडे हात पसरायचा आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं की आपलं काम बंद, हे कसं चालेल.

आता शिक्षणाकडे येते कारण माझं काम तेच होतं. आयसीडीएस सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 ला, त्यातल्या सहा सेवांपैकी एक सेवा पोषण आणि आरोग्य शिक्षण ही आहे, पहिल्यापासून. म्हणजे 50 वर्षं आपण बायकांना शिकवतोय. त्यातून काय बदललं हे कुणी घराघरात जाऊन नीट बघितलं का? बैठक झाली, किती बायका आल्या, फोटो काढला, डॅशबोर्डवर टाकला, संपलं. पोषण माहमध्ये प्रभातफेरी, रांगोळी, पाककृती स्पर्धा, आमच्या सेविका जीव तोडून करतात, स्वतःच्या खिशातले पैसे घालून पदार्थ करतात, मी त्यांच्यातली आहे त्यामुळे मला माहितेय. पण त्या स्पर्धेत पहिला आलेला नाचणीचा पदार्थ पुढच्या महिन्यात किती घरांत शिजला हे आमच्यापैकी कुणीच सांगू शकत नाही. विचारायला सांगितलंच नव्हतं. आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था आणि तिची हैदराबादची पोषण संस्था एनआयएन, ह्यांनी मे 2024 मध्ये नवीन आहार मार्गदर्शिका काढली, 17 मुद्द्यांची, चांगली आहे, त्यात लिहिलंय की देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी 56.4 टक्के चुकीच्या आहारामुळे आहे. एवढं मोठं ओझं. मग ते 17 मुद्दे दहा बाय दहाच्या खोलीत एका शेगडीवर कसे उतरवायचे ह्याच्यावर किती रुपये लावले आपण?

एक प्रसंग लिहिते. एका माता बैठकीत मी तेल कमी करा सांगत होते, माणशी रोज 30 ग्रॅमच्या आसपास वगैरे. एक बाई उठून म्हणाली ग्रॅम कशाला सांगता, महिन्याला किती पिशव्या ते सांगा. मी तिथेच हिशोब केला, लिटरची पिशवी म्हणजे 900 ग्रॅमच्या आसपास, पाच माणसं, 30 दिवस, तर पाच पिशव्या. ती म्हणाली आमच्यात आठ जातात. मग दुसरीने सांगितलं की ती तेलाच्या बरणीवर नेलपॉलिशने रेघा मारते, सहा रेघा, एक पिशवी सहा दिवस पुरवायची, रोज एक रेघ खाली, कारण नवरा पैसे मोजून देतो म्हणून तिने ते सुरू केलं होतं, तब्येतीसाठी नाहीच. पुढच्या बैठकीला सात-आठ जणींनी रेघा मारल्या होत्या. माझ्या सगळ्या नोकरीत कुठलंच चार्ट बघून बायकांनी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन काही केलेलं मी बघितलं नव्हतं, ते ह्या रेघांनी झालं. पण पुढे? सहा महिन्यांनी रेघा राहिल्या का पुसल्या, तेल खरंच कमी लागलं का तेवढेच पैसे बाहेरच्या वड्यावर गेले, कंबर कमी झाली का, हे मला सांगता येत नाही कारण माझ्याकडे ना टेप घेऊन फिरणारी माणसं होती ना ते माझ्या कामात धरलं जात होतं. वस्तीत अशा कितीतरी युक्त्या बायकांच्या डोक्यात आहेत आणि त्या त्यांच्याबरोबरच संपतात.

आणि एकदा टीम आलीही होती. नाव देत नाही. चांगली मुलं मुली होती, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, कंबरेचा टेप, वाट्या आणि चमचे घेऊन यायची, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारायची, ही वाटी का ती वाटी, भात सपाट का शीग लावून. आम्ही दारोदार घेऊन गेलो. बायकांनी अर्धा दिवस काम बुडवून बोटातून रक्त दिलं. आम्ही सांगितलं होतं की हे लोक परत येणार, तुम्हाला समजावणार, मग परत मोजणार. पहिली मोजणी झाली आणि निधी संपला. परत कुणी आलं नाही, कुणाची साखर किती आली तो कागद पण बायकांना मिळाला नाही. त्यानंतर दोन वर्षं तरी बायका मला विचारायच्या, मॅडम आमच्या रक्ताचं काय झालं. मला मान खाली घालावी लागायची. त्या मुलांचा दोष म्हणत नाही मी, त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. पण अर्धवट पैसा देऊन अर्धवट केलेलं संशोधन हे न केल्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी ती बाई दार उघडत नाही. आणि लठ्ठपणाचं काम वर्षा दीड वर्षाचं नाहीच मुळी. वजन उतरतं आणि परत चढतं, मुलाच्या सवयी चार-पाच वर्षांत बनतात, मुलगी वयात येते, लग्न होतं, दिवस जातात, ह्या सगळ्यात मागे राहायला हवं.

कुणी म्हणेल आधी कुपोषण संपवा मग लठ्ठपणाचं बघू, मेळघाटात मुलं जातात आणि तुम्हाला वजन कमी करायचं पडलंय. मला हे अगदी सहकाऱ्यांनीही ऐकवलंय. माझं म्हणणं आहे की हे दोन वेगळे डबे नाहीत. ज्या पोरीला लहानपणी पुरेसं मिळालं नाही तिलाच पुढे वजन आणि साखर लवकर गाठते, पुण्याच्या त्या अभ्यासातून हेच तर दिसतंय. शिवाय पैशाने बघा, बंगल्यातल्या माणसाला डायबेटिस झाला तर तो डाएटिशियनकडे जातो, जिमला जातो, विमा असतो. घरकाम करणाऱ्या बाईचा पाय सुजला तर चार घरांची कामं सुटतात आणि पोरीची शाळा सुटते कारण ती कामं पोरगी करायला लागते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही.

माझी भाची अमेरिकेत असते, न्यूट्रिशनमध्येच शिकलीय, तिच्याकडून कळलं की तिकडे 1969 पासून एक योजना आहे, ईएफनेप म्हणतात, तिच्यात कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन शिकवायला घेतात, विद्यापीठं ती चालवतात आणि शिकवायच्या आधी काय खात होते आणि नंतर काय खातात ह्याची नोंद घेतातच, त्याशिवाय कोर्स पुरा होत नाही. म्हणजे आपल्या सेविकेसारखीच बाई, पण तिच्या मागे विद्यापीठ उभं. आणि तिकडेच फूड स्टॅम्पवाल्या, म्हणजे किराण्याला सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांना आहार शिकवायची जी दुसरी मोठी योजना होती, स्नॅप-एड, तिचा केंद्राचा पैसा 2025 च्या जुलैमधल्या कायद्याने बंद केला, 30 सप्टेंबरनंतर नवीन पैसा नाही. तिच्या ओळखीतल्या कितीजणी घरी बसल्या म्हणाली. श्रीमंत देशात पण गरिबाच्या खाण्याचं शिक्षण पहिलं कापलं जातं. आपल्याकडे कापायला मुळात फारसं नाहीच, आपला देश सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, 2020-21 चा सरकारी आकडा आहे, त्यात वस्तीतल्या बाईच्या जेवणाचा नंबर कुठे लागणार.

तर माझी मागणी काय ते लिहिते. राज्य सरकारने पोषणाच्या बजेटमधून एक वेगळी रक्कम बाजूला काढावी, 100 रुपयांतला 1 रुपया का असेना, आणि तो फक्त कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत आहार-शिक्षण आणि लठ्ठपणा रोखण्याच्या अभ्यासासाठी ठेवावा, निदान दहा वर्षांसाठी, वर्षावर्षाला मंजुरी घ्यायला लावू नये. आपल्याकडे माणसं आहेत. पुण्यात मुंबईत एसएनडीटीची होम सायन्स कॉलेजं आहेत, परभणीला कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या मुली थीसिससाठी वस्तीत येतात, मी भेटलेय त्यांना, रिक्षाचं भाडं पण स्वतःच्या पदरचं घालतात, शंभरेक बायकांच्या मुलाखती होतात, पदवी मिळते आणि तो थीसिस कपाटात जातो. ह्या मुलींना पाच-पाच वर्षांची फेलोशिप द्या आणि एकेक वस्ती वाटून द्या. सेविकेला त्या कामाचे वेगळे पैसे द्या, फुकट राबवू नका, तिच्याकडे आधीच रजिस्टरं आणि मोबाईल आहे. आणि जे मोजलं ते त्या बाईला तिच्या भाषेत सांगायचं ही अट पैसे देतानाच लेखी घाला.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पण पैसा आहे, 2013 च्या कंपनी कायद्यात कुपोषण आणि आरोग्य दोन्ही बसतं. फक्त पाकिटातला खाऊ आणि गोड पेयं विकणाऱ्या कंपन्यांचा पैसा ह्या कामाला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ते पैसे देतील आणि मग पोस्टरवर येईल की व्यायाम करा. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या आणि दिवसभर फरशी पुसणाऱ्या बाईला व्यायाम करा म्हणणं मला नाही जमायचं.

काय शोधायचं तेही माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे, नोकरीत असताना वहीच केली होती. दुपारी साडेतीनला पहिलं जेवण होतं ते 12 ला झालं तर वजनावर फरक पडतो का, आणि कामाच्या घरी बसून डबा खायला जागा आणि दहा मिनिटं मिळाली तर ते होईल का. रेशनच्या तांदळातला काही भाग ज्वारी बाजरी करून दिला तर शहरातल्या बायका भाकरी थापतील का, का ती विकली जाईल, कारण भाकरीला वेळ लागतो आणि गॅस लागतो. शिकवायचं कुणाला, सुनेला का सासूला का नवऱ्याला, कारण बाजारातून तेल आणि पाव आणणारा बऱ्याच घरांत नवरा असतो आणि आम्ही वर्षानुवर्षं बैठकीला बोलावलं फक्त सुनेला. किराणा दुकानदाराला धरून काही करता येईल का, त्याने पाकिटांच्या पुढे 5 रुपयाचे भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे टांगले तर मुलं घेतील का. उपासाला साबुदाणा आणि वेफर्स, एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते वस्तीत महिन्यातून किती दिवस होतं. ओडिशात केओंझर जिल्ह्यात गावातल्याच लोकांना घेऊन छोटे व्हिडिओ बनवले, बायकांच्या गटांना दाखवले आणि ते बघून मुलांच्या जेवणात जास्त प्रकार यायला लागले असं अभ्यासात दिसलं, आयांच्या आणि मुलांच्या वजनावर मात्र तेवढ्याने फरक पडला नाही, हेही त्यांनी मोजून प्रामाणिकपणे सांगितलं. तसं आपल्याकडे करून बघायला काय हरकत आहे, फसलं तर फसलं म्हणून लिहा, निदान पुढच्याचे पैसे वाचतील.

ती वही मी कुणालाही द्यायला तयार आहे, कुणी विद्यापीठातलं किंवा महापालिकेतलं हे वाचत असेल तर संपादकांकडून माझा पत्ता घ्यावा. वस्तीत बरोबर चालायला पण तयार आहे, गुडघे माझेही दुखतात पण पहिल्या दोन गल्ल्यांतल्या बायका मला अजून ओळखतात, दार उघडतील.

कळावे,
एक निवृत्त मुख्यसेविका, पुणे
(नाव छापू नये ही विनंती)

ता.क. तेलाच्या रेघा कुणाला घरी करून बघायच्या असतील तर बरणी आरपार दिसणारी घ्या, स्टीलची नको. एक लिटरची पिशवी पूर्ण ओता. घरात पाच माणसं असतील तर सहा सारखे भाग करून रेघा मारा, चार असतील तर सात भाग. बैठं काम असणाऱ्यांना ह्याच्याहून कमी तेल पुरे, त्यांनी एक भाग वाढवून घ्या. तळण करायचं असेल त्याच्या आदल्या दिवशी थोडं हात राखून रेघेच्या वरच थांबायचं, आणि कढईत उरलेलं तेल परत बरणीत ओतायचं नाही, नाहीतर रेघ चुकते, हे त्या बाईनेच सांगितलेलं आहे.